रमलेला माणूस

आमच्या भागात माणूस गेला की दहाव्याला भाषणं होतात. नदीकाठी पिंड ठेवलेले असतात, कावळा शिवायची वाट बघत लोक ताटकळलेले असतात, आणि तेवढ्यात माइक सुरू होतो. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, पाहुण्यांतले एकदोन मास्तर पाळीपाळीनं बोलतात. आजवर अशी शेदोनशे भाषणं मी ऐकली असतील. त्यात एक गोष्ट हमखास येते, ती म्हणजे चंदन. गेलेला माणूस कसाही असो, तो कुटुंबासाठी चंदनासारखा झिजलेला असतो. आमच्या नानांच्या दहाव्यालाही चौघांनी तेच सांगितलं. जन्मभर काबाडकष्ट केले, उन्हातान्हात राबले, पोराबाळांसाठी देह झिजवला. बोलणारे मनापासून बोलत होते, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण ऐकताना मला सारखं वाटत होतं, की हे दुसऱ्याच कुणाचं तरी चाललंय.

नाना म्हंजे माझे सख्खे चुलते. पुरंदर तालुक्यात कऱ्हेच्या खोऱ्यात आमचं गाव. वर डोंगर, मधे मुरमाड, खाली थोडी काळी. आमच्या खळ्यावर उभं राहिलं की पुरंदर आणि वज्रगड शेजारी शेजारी बसलेल्या दोन म्हाताऱ्यांसारखे दिसतात. नाना 81 वर्षं जगले आणि त्यातली पंच्याहत्तर तरी रानात गेली. ते राबले नाहीत असं मी कसं म्हणू? मोट हाकली, नांगर धरला, अंजिराची बाग लावली, तिघा पोरांचं सगळं केलं. तरीपण 'झिजला' हा शब्द त्यांना बसत नाही. माप घेऊन न शिवलेल्या सदऱ्यासारखा तो खांद्यावरून उतरतो.

आमच्याकडं रानाची आवड असणं ही गोष्ट कुणी कबूल करत नाही. पोराला बैलांचा नाद असावा, बाईला फुलांची हौस असावी, तिथवर चालतं. पण बापय माणूस डोंगराकडं तोंड करून नुसता बसलाय म्हणल्यावर येणारा-जाणारा विचारतो, "का रं, बरं न्हाय व्हय?" त्यामुळं नानांच्या हातात कायम विळा असायचा आणि खांद्यावर कासरा. लहानपणी मला वाटायचं, गवताला चाललेत. थोरला झाल्यावर कळलं की निम्म्या वेळेला विळा हा नुसता परवाना होता. विळा दिसला की कुणी हटकत नाही. तासाभरानं नाना डोंगरावरून यायचे, विळ्याला गवताची एक काडी चिकटलेली नसायची, आणि सांगायचे, "वरच्या झऱ्यावर मोराची पिल्लं उतरल्यात. पाच हायती." आता रविवारी पुण्याची पोरंपोरी गळ्यात कॅमेरा अडकवून पुरंदर चढायला येतात. नानांना ती आवडायची. त्यांना पाणी द्यायचे, वाट दाखवायचे. मला मात्र त्या कॅमेऱ्यांकडं बघून विळ्याची आठवण येते. काम दोन्हीचं एकच.

एकदा उन्हाळ्यात नांगरट चालली होती. पुढं टिटवी ओरडायला लागली, बैलांच्या तोंडावर यायला लागली. नानांनी औत थांबवलं. ढेकळांत चार अंडी होती, मातीच्याच रंगाची. नानांनी घोंगडीएवढा तुकडा सोडून दिला आणि तास वळवून घेतलं. माझे वडील म्हंजे नानांचे थोरले भाऊ, कडक माणूस. ते म्हणले, "टिटवीसाठी रान पडीक ठेवतोय व्हय आता?" नाना म्हणले, "पिल्लं उठली की मारतो की दोन तासं. रान कुठं पळून चाललंय." पुढं महिनाभर आम्हा पोरांना त्या तुकड्याच्या पलीकडूनच जायचं अशी ताकीद होती. पिल्लं निघाली ती आम्ही लांबून, नानांच्या मागं उकिडवं बसून बघितली. त्या वर्षी त्या रानात काय पिकलं ते मला आठवत नाही. पिल्लं आठवतात.

थंडीत रात्रीची लाइट असायची. बाराला मोटार चालू करायची आणि पहाटेपर्यंत दारं धरायची. हे काम ज्यानं केलंय त्याला त्याची गंमत सांगू नये. पाय पाण्यात, अंगावर घोंगडं, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरं, आणि मनात सापाची भीती. मी पन्नास वर्षं हे करतोय आणि मला ते कधी आवडलं नाही. नानांना आवडायचं. वाफा भरेपर्यंत खोऱ्यावर रेलून वर बघायचे. मावळतीकडं झुकलेलं तिकांडं दाखवायचे. उगवतीच्या अंगाला म्हातारीची बाज आणि ती चोरायला आलेले तीन चोर दाखवायचे. "कधीपास्नं वढत्यात बघ, अजून न्हाय नेली." आणि एवढ्यात वाफा फुटून पाणी शेजारच्याच्या रानात गेलेलं असायचं. मग पळापळ.

तुम्ही म्हणाल, स्वभाव असतो एकेकाचा. म्हणा. पण मला त्यातून एक प्रश्न पडतो आणि तो माझ्यापुरता नाही. घरासाठी जे करायचं ते एखाद्यानं आवडीनं केलं, खुशीनं केलं, तर त्याचं मोल कमी होतं का? आपण माणसाचा मोठेपणा त्यानं सोसलेल्या दुःखावर का मोजतो? आई म्हणलं की चुलीचा धूर, बाप म्हणलं की फाटकी बनियन. ज्याची बनियन धड होती आणि जो रानात शीळ घालत फिरायचा, त्याच्याविषयी दहाव्याला काय बोलायचं हे कुणाला सुचत नाही. फळाची आशा धरू नको असं गीतेत सांगितलंय हे आम्ही कीर्तनात ऐकतो. काम करताना तोंड वाईट कर असं काही तिथं सांगितलेलं माझ्या ऐकण्यात नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे सावता महाराज मळ्यातच रमले. सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात आणि पांडुरंगाची पालखी मात्र अरणला जाते. सावता महाराज मळ्यात झिजले असं कुणी वारकरी म्हणत नाही.

कष्ट कशाला म्हणायचं हे नानांना नीट माहीत होतं. 1972 च्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. विहिरी तळाला गेल्या, बैलं विकली, सगळं गाव रोजगाराच्या कामावर. नाना आणि नानी खडी फोडायला जायचे. मिलोची लाल भाकरी, पोरांना सुकडी. नानांच्या हाताला फोड, डोळ्यांत कचकच. त्या वर्षात ते शीळ घालत नव्हते, गोष्ट सांगत नव्हते, संध्याकाळी आले की भिंतीकडं तोंड करून पडायचे. पुढं कितीतरी वर्षांनी कुणीतरी त्यांच्यासमोरच म्हणालं, "नानांनी लय कष्ट काढले." नाना म्हणले, "बहात्तरला काढले, एक वरीस. बाकीचं काय, रानातच व्हतो की." हे बोलणं मी विसरलेलो नाही. खडीही घरासाठीच फोडली आणि अंजीरही घरासाठीच लावलं. पण एकाला ते कष्ट म्हणत होते आणि दुसऱ्याला म्हणत नव्हते.

आता दुसरी बाजू. नानांच्या रमण्याची किंमत कुणी दिली, हे विचारल्याशिवाय हे सगळं खरं होत नाही. आपल्याकडं तुकाराम महाराज भंडारा डोंगरावर बसले हे कौतुकानं सांगतात आणि भाकरी घेऊन डोंगर चढणाऱ्या त्यांच्या बायकोला कजाग म्हणून मोकळे होतात. मला हे कधी पटलं नाही. चढ तिलाही लागत होताच की. आमची नानी कजाग नव्हती, पण ती मुकीही नव्हती. मधली पोरगी लहान असताना तापानं फणफणली होती, आणि नाना ज्वारीच्या राखणीला माळ्यावर झोपले होते. घरात दुसरी माणसं होती, पण नवरा नव्हता. पाखरं राखायची ती दिवसा, रात्री तिथं काय काम? चांदणं होतं, हे काम. ती रात्र नानीनं पुढं पन्नास वर्षं सांभाळून ठेवली आणि अधूनमधून नानांपुढं काढून ठेवली. नाना त्यावर कधी उलटून बोलले नाहीत.

पण त्याच नानीच्या तोंडून मी हेही ऐकलंय, "रानात गेलं ते गेलं, पण रिकामं कधी आलं न्हाय." हे अक्षरशः खरं होतं. संध्याकाळी नाना दारात आले की पोरं त्यांच्या उपरण्याकडं धावायची. बोरं, करवंदं, शेंगुळलेली चिंच, पावसाळ्यात पाथरी नाहीतर घोळीची भाजी, हंगामात हुरड्याची चार कणसं, काहीच नसलं तर वाऱ्यानं पडलेलं सुगरणीचं घरटं. अंजिराच्या दिवसांत पहाटे दवात तोडणी व्हायची, पाट्या भरून टेम्पो मार्केट यार्डाला जायचा. चिकानं हाताची कातडी खाजून लाल व्हायची. पण झाडावर पिकून तडकलेली, बाजारात न चालणारी पाचपंचवीस फळं नाना पानात गुंडाळून वेगळी ठेवायचे, ती घरासाठी. त्यांनी घर सोडून रानाशी संसार केला नाही. रान रोज थोडं थोडं घरात आणलं आणि पोरं रोज थोडी थोडी रानात नेली. मला झाडं, पाखरं, नक्षत्रं जेवढी कळतात तेवढी नानांमुळं. शाळेनं दहावीपर्यंत जे शिकवलं त्यातलं आता गणित तेवढं शिल्लक आहे.

त्याग म्हणून दाखवायचा तर एकच दाखवता येईल, आणि तो भाषणात कुणी सांगितला नाही, कारण फारसा कुणाला माहीत नाही. डोंगराच्या पायथ्याला आमची दोन एकर पड होती. पिकायचं काही नाही, पण बोरी होत्या, पळस होते, शिमग्याच्या आधी सगळा उतार पेटल्यासारखा दिसायचा. वाटणीत नानांनी मागून घेतलेला तो एकच तुकडा. थोरल्याला पुण्याला डिप्लोमाला घालायचं ठरलं तेव्हा, 1980 साली, त्यांनी ती पड विकली. काळी विकता येत नव्हती, ती खाती होती. पड कुणाला खायला घालत नव्हती. कागद झाला त्या दिवशी नाना घरी आले, जेवले, झोपले. कधी एका शब्दानं बोलले नाहीत. पुढं तिथं तारेचं कुंपण आलं, मग फार्महाउस आलं. शिमग्याच्या सुमाराला नाना मुद्दाम त्या रस्त्यानं जायचे आणि कुंपणाच्या बाहेर थोडं थांबायचे. हातात विळा असायचाच.

थोरला हे जाणून होता. बापानं आपल्यासाठी काय विकलं हे पोराला कळतं. म्हणूनच तो नानांना रमलेला माणूस मानायला तयार नव्हता. त्याच्या लेखी बाप म्हंजे कर्ज, आणि ते फेडायचं राहिलेलं. 2017 च्या हिवाळ्यात नाना बांधावरून पडले, मनगट मोडलं. दिसायला कमी आलं होतं, गुडघे गेले होते. थोरला गाडी घेऊन आला आणि दोघांना हडपसरला घेऊन गेला. चौथा मजला. त्यानं काही कमी केलं नाही हे मला इथं लिहिलंच पाहिजे. स्वतंत्र खोली, गरम पाणी, सून वेळेवर औषध द्यायची, नातू टीव्ही लावून द्यायचा. नानी तिथं खुशीत होती. नळाचं पाणी, खाली देऊळ, बोलायला बायका. नाना मात्र गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि समोरच्या इमारतीच्या भिंतीकडं बघायचे. तीन महिन्यांनी मी गेलो तेव्हा निम्मे झाले होते. जेवण सुटलं होतं. मला विचारलं, "पावश्या वरडला का रं?" मी म्हणलं, अजून नाही. मग दिवसभर काही बोलले नाहीत.

गणपतीला सगळे गावी आले तेव्हा यावरून बसणं झालं. धाकटा म्हणला, नानांना हितंच राहू द्या. थोरला म्हणला, "जन्मभर राबल्यात ते. आता तरी आराम मिळू दे." मी म्हणलं, "दमलेल्या माणसाला आराम. नाना दमलेच न्हाईत." तो माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणला, "म्हंजे आप्पा, ते स्वतःसाठीच जगले असं म्हणायचंय का तुला?" मला त्याच्या रागाची जात कळली. बाप झिजला नसेल तर मग आपल्याला मिळालं ते काय होतं, अशी ती भीती होती. मी म्हणलं, "तसं न्हाय. ज्याच्यात त्यांचा जीव व्हता त्यातनंच त्यांनी तुला दिलं. खडीतनं न्हाय." पण हे सगळं शब्दांचं झालं. मुद्दा असा होता की नानांचं रान म्हंजे नुसते कष्ट असं धरलं, तर चौथा मजला ही सेवा ठरते. रान हा त्यांचा आनंद होता असं धरलं, तर तीच सेवा कोंडवाडा होते. माणूस तोच, पोरगा तोच, प्रेमही तेवढंच. आपण बापाला काय समजलो यावर सगळं फिरतं.

शेवटी मधलीनं नानीला विचारलं. नानी म्हणली, "मला तिथं बरं वाटतंय. पण मी सुखात आणि ते कोपऱ्यात, हे न्हाय बघवत. आम्ही ऱ्हातो हितं." एवढं बोलून ती चहा टाकायला उठली. तिनं त्या दिवशी काय सोडलं याचा हिशेब कुणी मांडला नाही. म्हणून तो इथं लिहून ठेवतो.

राहायचं ठरलं, पण पडण्याची भीती होतीच. धाकट्यानं युक्ती केली. गोठ्यापासून अंजिराच्या बागेपर्यंत बांधाकडेनं लोखंडी खुंट ठोकले आणि कमरेच्या उंचीला जाड नायलॉनचा दोर ताणून बांधला. अडीचशे फूट असेल. त्या दोराला धरून नाना सकाळ-संध्याकाळ बागेत जायला लागले. गाव हसलं. कुणी म्हणलं, म्हाताऱ्याची ट्रेन सुरू झाली. नानांना काही नव्हतं त्याचं. दिसत धड नव्हतं, पण वारं कुठनं येतंय आणि कुठलं पाखरू बोलतंय ते सांगायचे. बागेत पोचले की झाडाच्या खोडाला हात लावून उभे राहायचे. जेवायला लागले. नऊ महिने असे गेले. परत उपरण्यात काहीबाही घेऊन यायला लागले. आता पोरं नव्हती, ते नानीच्या ओट्यात टाकायचे.

2019 च्या जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाना बांधाखाली पडलेले सापडले. दोरापासून आठदहा फुटांवर. दोर हातातनं सुटला की त्यांनीच सोडला, हे कुणाला माहीत नाही. खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात वीस दिवस काढले, मग गेले.

थोरला दहाव्याला बोलला नाही. त्याचं म्हणणं आजही एकच आहे, "हडपसरला असते तर आज असते." मी त्याला उत्तर देत नाही. उत्तर माझ्याजवळ आहे, आणि नानांना गावी आणलं ते योग्यच झालं असं मला आजही वाटतं. पण बाप त्याचा गेलाय, आणि असल्या वादात जिंकून काय करायचं असतं? मला एवढंच वाटतं की त्यानं एकदा शिमग्याच्या आधी त्या फार्महाउसच्या रस्त्यानं चालत जावं. मी त्याला तसं बोललोही आहे. यंदा येतो म्हणलाय.

बाग अजून आहे, धाकटा बघतो. खट्टा बहार निम्मा पावसानं जातो, मिठ्यावर भिस्त. दोरही आहे तसाच. काढायचा राहिला तो राहिलाच. नानी त्याच्यावर धुणं वाळत घालते, आणि वारं सुटलं की लुगडी उडून अंजिरावर जाऊन बसतात, मग आम्हाला हाका मारत सुटते.